प्रेमभाऊची बॅगी : एका पँटीचं प्रकरण

जानेवारी २०२४. दुपारची वेळ, दुकानात दोघं आले, बाप आणि लेक. लेकीच्या हातात मोबाईल, बापाच्या हातात कॅरीबॅग. मोबाईलमध्ये जोधपुरी कोट आणि खाली पायाला चिकटलेली पँट घातलेला कोणीतरी मॉडेल, आणि कॅरीबॅगमध्ये एक राखाडी जुनी पँट, गुडघ्यावर विरलेली, चेन दोनदा बदललेली, पण इस्त्री अशी की प्लेटीच्या, म्हणजे कमरेखालच्या चुणीच्या, धारेनं बोट कापावं. पोरगी म्हणे, दादा, लग्न माझं आहे, पप्पांना हे असं शिवून द्या. बाप म्हणे, तिचं आयकू नको बे, हे पाय, मास्तरनं शिवली होती तशीच पाह्यजे.

मास्तर म्हणजे आमचे बाबा. ते २०१९ मध्ये गेले, आता दुकान मी पाहतो, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या बाजारपेठेतलं साधं टेलरिंगचं दुकान आहे, दोन मशीन आणि एक इंटरलॉक. गिऱ्हाईकाचं खरं नाव सांगत नाही. गाव त्यांना प्रेमभाऊ म्हणते, तेवढं पुरे. आणि हे प्रेम म्हणजे प्रेमविवाहातलं प्रेम नाही हो, १९८९ च्या डिसेंबरअखेर आलेल्या 'मैंने प्यार किया'मधल्या हिरोचं नाव. सूरज बडजात्याचा डायरेक्टर म्हणून पहिला सिनेमा, सलमानचा हिरो म्हणून पहिला, आणि आमच्या ह्या माणसाचा स्वतःच्या पैशानं पाहिलेला पहिला.

लोकं म्हणतात की माणूस जवानीत जो सिनेमा पाहतो तसे कपडे आयुष्यभर घालतो. बरोबर आहे, पण सिनेमा आणि अंग ह्याच्या मधात एक टेलर बसलेला असतो, त्याला कोणी काही विचारत नाही. मी त्या मधल्या जागेवर बसून हे सगळं पाहून राहिलो म्हणून लिहितो.

आधी त्या काळाचं सांगतो, कारण त्याशिवाय पँट समजत नाही. प्रेमभाऊचा जन्म १९७२ चा, घरी आठ एकर, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. सिनेमाच्या धंद्यात आमचा भाग सी.पी. बेरार सर्किटमध्ये मोडतो, म्हणजे इंग्रज गेले, मध्यप्रांत-वऱ्हाड गेला पण सिनेमावाल्यांच्या बोलण्यात तो राहिला. तेव्हा रिळांच्या पेट्या फिरायच्या, प्रिंटा मोजक्या, पहिले मोठ्या शहरांत, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला, आणि तालुक्याला येईपर्यंत रीळ घासून पडद्यावर पाऊस पडायला लागलेला असायचा. प्रेमभाऊला तेवढा धीर नव्हता. ते शकुंतला रेल्वेनं यवतमाळला गेले, ती आमची छोटी लाईन, यवतमाळ-मूर्तिजापूर, दारव्ह्यावरून जाणारी. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, त्यामुळे पांढरा शर्ट घालून निघालेला माणूस यवतमाळात उतरताना राखाडी होऊन उतरायचा. ते स्वतः सांगतात, हिरोसारखा तयार होऊन गेल्तो अन् इंजन ड्रायव्हरसारखा उतरलो.

दुसरी गोष्ट पैशाची. तेव्हा कापसाची एकाधिकार खरेदी होती, १९७२ पासून सुरू झालेली, कापूस सरकारलाच घालायचा, म्हणजे कापूस पणन फेडरेशनला, आणि मग चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशाची, वाट पाहायची. चुकारा आला की उधारी फिटायची, आणि मग उरलं तर वर्षाचे कपडे. म्हणजे आमच्या इकडे फॅशन ही सिनेमाच्या तारखेवर येत नव्हती, चुकाऱ्याच्या तारखेवर यायची. त्या साली वेचणीचा सगळा हिशोब ह्या पोरानं सांभाळला होता म्हणून बापानं पहिल्यांदा त्याच्या हातात पैसे दिले, जा म्हणे, तुले पाह्यजे तसे शिव. त्याच्या आधी कपडे म्हणजे काय, एका ताग्यातून बापाचं, काकाचं आणि तिघा पोट्ट्यांचं एकाच रंगाचं. सगळं घर बँडपार्टी.

म्हणून तो सिनेमा त्यांच्या मनात एवढा बसला असं मला वाटते. सिनेमा त्यानंतरही त्यांनी पुष्कळ पाहिले, व्हिडिओवर तर रात्रभर तीन-तीन. पण पसंत आपली, पैसे आपल्या हातात आणि अंगही त्याच साली भरत आलेलं, हे तिन्ही एकदाच जुळून आलं.

आता पुरावा. आमच्या बाबांनी १९८१ मध्ये दुकान टाकलं तेव्हापासूनच्या मापाच्या वह्या माळ्यावर पडून आहेत. उंदरानं काही खाल्ल्या, बाकीच्या धड आहेत. त्या वह्या वाचायला मला लय आवडते, कारण पँटीच्या बॉटमचा, म्हणजे खालच्या मोहरीचा, इंचातला आकडा वाचला की साल कळते. सुरुवातीच्या वहीत अजून बेलबॉटम चालू आहे, बॉटम २४, कोणा शौकिनाची २६. मग हळूहळू खाली येते, २०, १८, मग नव्वदच्या आसपास मांडीला फुगलेली आणि खाली १५-१४ वर आलेली बॅगी. मग वरपासून खालपर्यंत सरळ अशी पॅरलल आली आणि आकडा परत चढला. माझ्या स्वतःच्या वहीत १२ सुद्धा आहे, त्यातून पाय कसा घालतात ते त्या पोरालाच माहीत.

प्रेमभाऊचं पान मला दुसऱ्या दिवशी सापडलं. कमर २८, सीट ३५, मांडी २९, गुडघा २३, बॉटम १५, लांबी ४१, प्लेट दोन-दोन. आणि त्या पानात एक पोस्टकार्ड. बाजारात तेव्हा दोऱ्यावर टांगून हिरो-हिरोइनीचे पोस्टकार्ड विकायचे, त्यातलं एक, रंग उडालेलं. सलमान, अंगात जॅकेट, बाजूला पाहून राहिला. बाबांनी नमुना म्हणून पानात ठेवलं असेल आणि तसंच राहिलं.

मी ते कार्ड दोनदा पाहिलं. मग मला हसू आलं. कार्डावर हिरो फक्त कमरेपर्यंत होता.

संध्याकाळी प्रेमभाऊ आले तर मी त्यांच्यापुढे कार्ड ठेवलं आणि विचारलं, भाऊ, ह्याच्यात पँट कोठी आहे? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, कार्ड उलटं करून मागूनही पाहिलं. मग म्हणाले, "अबे पण मी तर मास्तरले हेच देल्लं होतं, म्हटलं अशी पँट पाह्यजे." मी म्हटलं, मग बाबा काय म्हणाले? तर म्हणे, "काही नाई म्हणाले. टेप लावला."

बाबांचं हे असंच होतं. त्यांनी तो सिनेमा पाहिलेला नव्हता, माझ्या माहितीत तरी नाही, ते टॉकीजमध्ये झोपायचे. वरचं त्यांनी कार्ड पाहून ठरवलं, खालचं आपल्या मनानं. बॅगीची हवा होतीच, बाजूच्या दुकानात शिवून राहिले होते, त्यातून ह्या वाळक्या पोराची कमर २८, पाय काडीसारखे, मग मांडीला कापड जास्त सोडलं, प्लेटी दोन-दोन दिल्या म्हणजे पाय भरल्यासारखा दिसेल, आणि बेल्ट, म्हणजे पँटीची कमरपट्टी, चढवला पार बेंबीवर. झाली सलमानची पँट. ३४ वर्षं हा माणूस जी सलमानची म्हणून घालून राहिला ती आमच्या बाबांनी अंदाजानं काढलेली.

जॅकेटची गोष्ट तर ह्याहून भारी आहे. कार्डावर जॅकेट स्पष्ट दिसत होतं त्यामुळे तिथे बाबांना सुटका नव्हती. लेदर कुठून आणणार, अन् आणलं तरी मशीनमधून जाणार कसं. मग सायकलच्या-मोटारसायकलच्या सीटा मढवणाऱ्याकडून काळं रेक्झिन आणलं, आतून फ्लॅनेलचं अस्तर लावलं, चार सुया मोडल्या. ते जॅकेट घालून प्रेमभाऊ एप्रिलमध्ये मामेबहिणीच्या लग्नाला गेले. आमच्या इकडचा एप्रिल, ४२-४३ डिग्री, मांडव तापलेला. काढायला तयार नाहीत कारण आतला शर्ट घामानं चिकटून पारदर्शक झालेला. शेवटी पंगतीत चक्कर येऊन पडले, अंगावर पाणी मारलं तर म्हणे पाणी आत जाईनाच, रेक्झिनवरून वाहून गेलं. तेव्हापासून गावात प्रेमभाऊ नाव पडलं ते पडलंच. जॅकेट पुढे दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच कापून राजदूतच्या सीटला मढवलं. सीटचं रेक्झिन सीटला परत गेलं, मध्ये थोडं फिरून आलं.

'फ्रेंड' लिहिलेली टोपीही तेव्हा जिकडेतिकडे झाली होती, तीही त्यांनी बाजारातून घेतली. पावसाळ्यात रंग कानावर उतरला, फेकली.

मला ह्या प्रकरणात इथे काहीतरी सापडलं असं वाटते. एकाच सिनेमातून, एकाच महिन्यात, एका माणसानं तीन गोष्टी उचलल्या. टोपी गेली एका पावसात, जॅकेट गेलं एका उन्हाळ्यात, आणि जी गोष्ट कार्डावर नव्हतीच ती टिकली. का टिकली? कारण ती चालली. दोन प्लेटांची पँट माणूस खाली बसला की उघडते आणि उठला की मिटते. आमच्या इकडचा माणूस दिवसातून किती वेळा खाली बसते ते मोजा. पंगतीत मांडी घालून, पारावर एक पाय वर घेऊन, बांधावर उकिडवं, बैलाच्या खुराशी, पंपाच्या व्हॉल्व्हपाशी. चिकट पँटीत हे करून दाखवा. प्रेमभाऊंनी नंतर प्रत्येक दोन-तीन वर्षांनी तीच पँट परत शिवली, रंग बदलला, कापड टेरीकॉटचं पॉलिस्टर-व्हिस्कोस झालं, पण कट तोच. लोकं म्हणतात जुन्या काळात अडकले. मी म्हणतो त्यांच्या गुडघ्याला विचारा.

बाकी सिनेमाची फॅशन कुठून येईल सांगता येत नाही. 'दीवार' १९७५ चा, त्यातला बच्चनचा खाली गाठ मारलेला शर्ट बाबांच्या उमेदीत पोरांनी लय उचलला होता. आणि बच्चननं स्वतः पुढे सांगितलं की तो शर्ट टेलरकडून लांबीला फारच मोठा शिवून आला होता, शूटिंगला उभं राहायचं होतं, दुसरा शर्ट नव्हता, म्हणून गाठ मारली. टेलरची चूक, आणि सगळ्या देशानं गाठी मारल्या. मी हे वाचलं तेव्हा बाबा गेले होते, नाहीतर त्यांना सांगितलं असतं, त्यांच्याकडून लांबी चुकली की ते दोन दिवस जेवत नव्हते नीट.

आणि मी काही साधुसंत नाही. २००३ च्या १५ ऑगस्टला 'तेरे नाम' आला तेव्हा मी १७ वर्षांचा होतो. मधातून भांग, दोन्ही बाजूनं केस डोळ्यावर. तालुक्यातल्या अर्ध्या पोट्ट्यांचं तोंड तेव्हा दिसतच नव्हतं. बाबांनी एकच वाक्य म्हटलं, मशीनीत गेले तर टाळूसकट जातीन. तरी बारावीच्या आयकार्डावर तो अवतार छापून आहेच, बायकोनं लपवून ठेवलेला आहे, भांडण झालं की काढते. ते केस वर्षभरही राहिले नाहीत, कारण कापड कापताना खाली वाकलं की कात्री दिसायची नाही. माझ्यावर सिनेमाचा परिणाम कात्रीनं संपवला.

आता त्या लेकीचं. ती १९९९ ची, म्हणजे २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला तेव्हा सोळा-सतरा. आर्चीला बुलेटवर आणि ट्रॅक्टरवर पाहून ह्या पोरीनं घरी ट्रॅक्टर मागितला, चालवायला. प्रेमभाऊंनी शिकवला, त्यांचं मला हेच आवडते. कपड्यात तिनं सिनेमातलं काही उचललं असं मला दिसलं नाही, पण त्या उन्हाळ्यात ती दुकानात आली आणि म्हणाली, दादा, ह्या कुर्त्याला खिसा लावून द्या, दोन्हीकडे, खोल. तेव्हापासून तिच्या प्रत्येक कुर्त्याला खिसा आहे. मी तिला विचारलं नाही आर्चीमुळे का म्हणून. ट्रॅक्टरवर बसल्यावर मोबाईल ठेवायला जागा लागते हे कारण पुरेसं आहे, आणि कदाचित दोन्ही कारणं एकच असतील.

असो, लग्न फेब्रुवारीत होतं आणि माझ्याकडे तीन आठवडे होते. माझी चूक इथे सांगून टाकतो. मी दोघांनाही खूष करायला गेलो. कोट पोरीच्या फोटोसारखा, त्यात वाद नव्हता, आणि पँटीत मधला रस्ता काढला, प्लेट एक-एक, बॉटम १३, बेल्ट आजकाल घालतात तसा पोटाच्या खाली. ट्रायलला उभे राहिले तेव्हा बरे दिसले. पोरगी म्हणाली, पाहा पप्पा, दहा वर्षं कमी झाली. मी म्हटलं, भाऊ, कन्यादानाला पाटावर बसता तसं बसून पाहा. ते बसले. सीटची शिलाई अशी आवाज करून गेली की बाहेर पानठेल्यावरच्या माणसानं वाकून पाहिलं.

त्यावर प्रेमभाऊ काहीच बोलले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, म्हणजे त्यांची बायको. तोपर्यंत घरात दोन पार्ट्या पडल्या होत्या. काकूंनी चहा घेतला आणि म्हणाल्या, "मले पाह्याले आल्ते हे, पंच्याण्णवमधी, तवा हेच पँट घालून आल्ते. मी काई तोंडाकडे पाह्यलं नाई, मान खाली होती, मले फक्त गुडघ्याखालचं दिसत होतं. पँटीची धार सरळ होती. म्हटलं माणूस टापटीप दिसते." मग पोरीकडे वळून म्हणाल्या, "त्याइले जे पाह्यजे ते घालू दे. तुह्या लग्नात तू दिसजो, बाप कोण पाह्यते." पोरगी हसली, पण पूर्ण मानली नव्हती, तिचं म्हणणं होतं की जुनी पँट त्यांच्यावर आता फुग्यासारखी दिसते. आणि खरं सांगायचं तर ती बरोबर होती.

म्हणून मी ती जुनी राखाडी पँट टेबलावर पसरली, त्यांचं आताचं माप घेतलं आणि वही उघडून शेजारी ठेवलं. कमर २८ ची ३८ झाली होती, ते दिसतच होतं. पण मला खटकला तो लांबीचा आकडा. १९९० मध्ये ४१ आणि आता ३८. उंची तर कमी झाली नाही ना माणसाची तीन इंच! मग लक्षात आलं. पोट सुटलं तशी पँट घसरत घसरत पोटाखाली आली, वर्षाला थोडी थोडी, आणि प्रत्येक नवीन शिलाईत बाबांनी आणि नंतर मी आहे तिथून माप घेत गेलो. प्लेटी बेंबीपासून सुरू व्हायला पाहिजेत, त्या सुरू होत होत्या पोटाच्या खाली, मग पोट त्यांना वरून ढकलणार, त्या उघड्या पडणार, खिशाचं तोंड फाकणार. फुगा होणारच. कट जुना होता म्हणून ती वाईट दिसत नव्हती, कट होता तिथून खाली उतरला म्हणून दिसत होती.

मग मी बेल्ट परत बेंबीवर नेला. लांबी ४०. प्लेट दोन-दोन, पण दुसरी प्लेट खिशाच्या जवळ आणि उथळ. मांडी भरपूर, बॉटम १५ ची १४ केली, पोरीसाठी तेवढं. बेल्टच्या आत दोन्ही बाजूंना थोडं इलॅस्टिक, जेवण झाल्यावर लागते. पँटपीस १.२० मीटरचा येतो, पण एवढ्या प्लेटींना आणि ह्या पोटाला तो पुरत नाही, १.४० घ्यायला लावलं, ५८ इंची पन्ह्यात. ट्रायलला बसवलं, उठवलं, परत बसवलं, उकिडवं बसवलं. शिलाई राहिली. पोट पँटीच्या आत गेलं आणि प्लेटी त्याच्यावरून सरळ खाली पडल्या. पोरगी मोबाईल खाली करून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, दादा हे तर ते कोरियन पँटसारखं दिसून राहिलं.

मी काही बोललो नाही. पण लग्नात गंमत झाली, नवरदेवाचा धाकटा भाऊ पुण्याहून आलेला, त्यानं ऑनलाईन मागवलेली तसली ढगळ प्लेटवाली पँट घातली होती, आणि हात धुवायला दोघं नळावर शेजारी उभे, एक २३ वर्षांचा, एक ५२ चा, पाठीमागून पाहिलं तर एकाच ताग्यातले. पोरानं विचारलं, अंकल, कौनसा ब्रँड? प्रेमभाऊंनी छाती काढून सांगितलं, सलमान. मी बाजूलाच होतो, ताटात जिलेबी होती, म्हणून गप्प राहिलो. कार्ड पाहूनही ह्या माणसाला काही फरक पडलेला नाही हे तेव्हा मला कळलं.

मार्चमध्ये तीन पोट्टे आले, लग्नातले. एकाच्या मोबाईलमध्ये प्रेमभाऊंचा फोटो, जोधपुरीत, हसून राहिले, बाजूला बँडवाला. म्हणे अशी पँट पाहिजे. फोटो कमरेपर्यंतच होता. मी विचारलं, खालचं कुठे आहे रे, तर म्हणे खालचं तुम्ही पाहा ना भाऊ, तुम्हीच तर शिवलं. मी टेप काढला.

प्रेमभाऊंचे शिलाईचे ६०० रुपये मात्र बाकी राहिले. त्यांनी कापूस घरातच ठेवला होता, हमीभाव क्विंटलला ७०२० आणि व्यापारी त्याच्याही खाली मागून राहिला होता. कापूस गेला की देतो म्हणाले. वहीत त्यांच्या नव्या मापाखाली मी तेवढं लिहून ठेवलं, आणि पोस्टकार्ड जुन्या पानातून काढून ह्या पानात टाकलं.